बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बीअरचा कडक अवतार : चव, धने आणि ताकद

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी आमच्या सिडकोतील घराच्या गच्चीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखण्याचा योग आला. त्या अनुभवातून एक प्रश्न मनात घर करून बसला असून तो जाणकारांपुढे ठेवावा म्हणून हा धागा काढत आहे.

माझा भाचा माँट्रियलला असतो. येताना त्याने तिथल्या शांब्ली गावच्या युनिब्रू या ब्रुअरीच्या दोन बाटल्या आणल्या. पहिली ‘ब्लांश द शांब्ली’, जी बेल्जियन धाटणीची पांढरी बीअर (गहू, धने आणि संत्र्याची साल घालून केलेली) असून तिच्यात ५ टक्के मद्यार्क असतो, आणि दुसरी ‘दाँ द दियू’, म्हणजे देवाची देणगी. तीही गव्हाचीच, पण तिच्यात ९ टक्के मद्यार्क आहे. फ्रेंच दर्यावर्दी सॅम्युएल द शांप्लेन ज्या जहाजाने १६०८ मध्ये क्वेबेकला पोहोचला त्या जहाजाचे हे नाव. एकाच घरच्या दोन बीअर, दोन्ही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या, दोन्हींच्या तळाशी यीस्टचा गाळ. हलकी पांढरी बीअर कडक केली की तिचे नेमके काय होते हे पाहण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणे अवघड आहे.

मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका बीअर कारखान्यात २६ वर्षे गुणवत्ता विभागात होतो. रोज सकाळी साडेदहा वाजता, पोटात चहाही नसताना, तीन पेले चाखून नोंद करायची ही तिथली शिस्त अजून अंगात आहे. त्यामुळे आम्ही चौघांनी दोन्ही बाटल्यांचे समान वाटे केले, आधी न बोलता आपापल्या वहीत लिहिले आणि मगच चर्चा केली. पहिल्या बाटलीचे तापमान साधारण ५ अंश आणि दुसरीचे १० अंश ठेवले होते, कारण कडक बीअर फार थंड दिली तर तिचा वास पेल्यातच गोठून राहतो आणि जिभेवर फक्त गोडी व दाह उरतो.

हलक्या बीअरचा रंग पिकत आलेल्या गव्हाच्या ओंबीसारखा फिकट, गढूळ आणि वर पांढराशुभ्र फेस. नाकाशी नेताच संत्र्याची साल, नंतर धने, त्याच्या मागे कणीक मळताना येतो तसा ओलसर पिठाचा वास. घोट घेतल्यावर बारीक आंबूसपणा येतो आणि लगेच तोंड स्वच्छ होते. उन्हातून आल्यावर पन्ह्याने जसा जीव थाऱ्यावर येतो, तसा काहीसा परिणाम.

दुसरीचा रंग सोनेरीकडे झुकणारा, गढूळपणा तोच. धने मात्र मागे गेलेले. पुढे आले ते पिकलेले फळ, थोडी व्हॅनिला, ब्रेडच्या आतल्या मऊ भागाचा वास आणि घशाखाली उतरल्यावर छातीत जाणवणारी ऊब. नऊ टक्के आहे हे चौथ्या घोटापर्यंत आमच्यापैकी कोणालाही कळले नाही. बीअर शेवटी कोरडी संपली, गोडी चिकटून राहिली नाही. माझ्या वहीतले शेवटचे वाक्य असे आहे : ‘बीअर उत्तम आहे, पण हिला पांढऱ्या बीअरची थोरली बहीण म्हणावे की वेगळ्या घरची मुलगी?’

माझा प्रश्न हाच. गव्हाची पांढरी बीअर कडक करताना तिच्यातले काय टिकले पाहिजे, म्हणजे ती पांढरी बीअर राहील?

गोदातीर (नांदेड)

देवगिरीकाका, वर्णन वाचून समाधान वाटले, पण एक शंका मोकळेपणाने मांडतो. आपल्या भागात ‘कडक’ हा शब्द चवीसाठी वापरलाच जात नाही. परमिट रूममध्ये जो माणूस ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली मागतो, तो त्याच पैशात अधिक नशा मागत असतो, आणि भारतात खपणाऱ्या बीअरपैकी बहुतांश बीअर स्ट्राँग असण्याचे कारणही तेच आहे. मग ज्या बीअरचे सगळे सौंदर्य हलकेपणात आहे, तिला कडक करण्याचा अट्टहास कशासाठी? मला वाटते की ही मागणी चवीतून आलेली नसून बाजारातून आलेली आहे, आणि बेल्जियमच्या नावाने तिला प्रतिष्ठा दिली जात आहे.

देवगिरी

गोदातीर, आपली शंका रास्त आहे आणि आपल्या बाजारापुरती ती खरीही आहे. आपल्याकडची स्ट्राँग लागर (थंडाव्यात आंबवलेली नेहमीची पिवळी बीअर) साखर किंवा मक्यासारखे पूरक धान्य घालून, यीस्टकडून जास्तीत जास्त मद्यार्क काढून घेऊन तयार होते. तिच्यात ताकद वाढते आणि चव पातळ होते. मी आयुष्याची इतकी वर्षे तीच बीअर तपासली आहे, म्हणून हे जबाबदारीने लिहितो.

परंतु बेल्जियमची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. ब्रसेल्सच्या पूर्वेला होगार्डन नावाचे छोटे गाव आहे. एकेकाळी त्या एका गावात तीसहून अधिक ब्रुअऱ्या होत्या आणि तिथली खासियत म्हणजे मोड न आणलेला गहू, जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेला जव), धने आणि कडवट संत्र्याची वाळलेली साल घालून केलेली पांढरी बीअर. ही साल क्युरासाओ बेटावरून डच व्यापाऱ्यांमार्फत येत असे, म्हणून आजही तिला त्या बेटाचे नाव आहे. पुढे लागरच्या लाटेत एकेक ब्रुअरी बंद पडत गेली आणि १९५७ मध्ये टॉमसिन ही शेवटची ब्रुअरीही बंद झाली. पिएर सेलिस हा त्याच ब्रुअरीच्या शेजारी वाढलेला गवळी. मुलगा असताना तो तिथे हाताखाली काम करीत असे. गावकऱ्यांना त्या चवीची चुटपुट लागून राहिलेली पाहून त्याने १९६६ मध्ये ती बीअर पुन्हा काढायला सुरुवात केली आणि अक्षरशः एका माणसाच्या आठवणीतून एक पूर्ण प्रकार जिवंत झाला. १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली, पुन्हा उभे राहण्यासाठी मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि हळूहळू ताबाही तिच्याकडे गेला. सेलिस मग टेक्सासमधील ऑस्टिनला गेला आणि १९९२ मध्ये तिथे त्याने ‘सेलिस व्हाइट’ काढली. २०११ मध्ये तो वारला.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, कडक भावंडे याच घरात जन्मली आहेत. होगार्डनचीच ‘ग्राँ क्रू’ ८.५ टक्क्यांची आहे. बेल्जियममध्ये सण, हिवाळा आणि पाहुणा यांच्यासाठी वेगळी, जड बीअर ठेवण्याची रीत जुनी आहे. आपल्याकडे रोजच्या जेवणात वरण-भात असतो म्हणून सणाच्या पुरणपोळीला कोणी बाजाराची मागणी म्हणत नाही. कडक बीअर लहान पेल्यात, सावकाश आणि वाटून पिण्यासाठी असते. आम्ही त्या दिवशी ९ टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीचे चार वाटे केले. पूर्ण बाटलीत साधारण ५३ ग्रॅम मद्यार्क येतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १३ ग्रॅम. पाच टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत जेवढा असतो, तेवढाच तो भरतो. हे गणित न पाहता कडक बीअर ही हलकीसारखीच मोठ्या पेल्यात ओतली तर दोष पिणाऱ्याचा आहे.

सिंदफणा (बीड)

मी बीअर फारशी पीत नाही, पण मसाल्याचा कांडप माझ्या सासूबाईंपासून आमच्या घरी चालत आलेला आहे, म्हणून धन्यांचा उल्लेख वाचून राहवले नाही.

काका, धने हे धने नसतात. आमच्याकडे रब्बीत करडई-हरभऱ्याच्या कडेने जे धने येतात ते लांबट, फिकट पिवळसर आणि मोठे असतात. त्यांचा वास लिंबाकडे झुकतो. युरोपातील धने मात्र बारीक व गोल असतात असे मी वाचले आहे. धने अख्खे ठेवले तर वास मंद, दरदरीत भरडले तर मोकळा आणि पीठ केले तर पहिल्या दिवशी उग्र व चौथ्या दिवशी भुश्शासारखा. शिवाय काळ्या मसाल्यासाठी आम्ही धने भाजतो, तेव्हा त्यांचा लिंबूपणा जाऊन खमंगपणा येतो. बीअरमध्ये भाजलेले धने घालत नसावेत असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का?

आणि दुसरे म्हणजे, कडवट संत्र्याची साल परदेशातून कशाला आणायची? शेजारच्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिची साल वाळवून ठेवली तर चालणार नाही का?

हिंगोलीकर (सध्या पुणे)

मी मूळचा वसमत तालुक्यातला. गेली नऊ वर्षे पुण्यातील एका मायक्रोब्रुअरीत बीअर बनवण्याचे काम करतो. हा धागा माझ्या हाताला लागायला आणि मालकांनी हिवाळ्यासाठी कडक पांढऱ्या बीअरची मागणी करायला एकच गाठ पडली आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून या शहराला गव्हाच्या बीअरची ओळख आहे, पण इथेही ती ओळख बहुतेक पाच टक्क्यांच्या आतलीच आहे.

आधी सिंदफणाताईंचे उत्तर. आपला अंदाज अचूक आहे, धने भाजायचे नाहीत. उकळी संपायला पाच मिनिटे असताना दरदरीत भरडून टाकायचे, कारण लिनालूल हे जे सुवासिक द्रव्य धन्यांत असते ते जास्त उकळले तर वाफेबरोबर निघून जाते. आपले लांबट धने तेलाने कमी आणि लिंबूपणाने जास्त असतात, आणि अनेक परदेशी ब्रुअर मुद्दाम भारतीय धने मागवतात. वीस लिटरला १० ते २० ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण. मोसंबीच्या सालीबद्दल सांगायचे तर तिचा वास गोड आणि एकसुरी असतो, क्युरासाओच्या सालीतील कडूपणा तिच्यात नसतो. तरीही मी ती वापरतो, पण पांढरा गर पूर्ण खरवडून आणि तिच्या जोडीला थोडी ईडलिंबाची साल घालून. कडवटपणाची बाजू ईडलिंबू सांभाळते.

आता मूळ प्रश्न. नवखा माणूस पांढरी बीअर कडक करायला घेतो तेव्हा तो सगळेच दुप्पट करतो : गहू दुप्पट, धने दुप्पट, साल दुप्पट. मीही पहिल्या वेळी हेच केले आणि जी बीअर तयार झाली तिला अक्षरशः साबणाचा वास होता. मद्यार्क वाढला की धन्यांचा वास त्याच्यावर स्वार होऊन नाकात जातो, आणि त्या जोडीला शेवटी उरलेली गोडी असेल तर अत्तर प्यायल्यासारखे वाटते. त्यामुळे माझ्या मते पहिला नियम असा की, ताकद दीडपट करायची असेल तर धने पूर्वीइतकेच किंवा किंचित कमी ठेवावेत.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. पाच टक्क्यांच्या बीअरमध्ये थोडी उरलेली गोडी गोड वाटत नाही, कारण आंबूसपणा आणि बुडबुडे तिला उचलून धरतात. साडेसात टक्क्यांच्या बीअरमध्ये मात्र तीच गोडी जिभेवर बसून राहते. म्हणून मॅशचे (गरम पाण्यात भिजवलेल्या भरड धान्याचे) तापमान ६४ अंशांच्या आसपास ठेवून यीस्टला खाता येईल अशी साखर जास्तीत जास्त तयार करावी लागते, आणि एकूण साखरेपैकी दहाएक टक्के सरळ पांढरी साखर घालावी लागते. बेल्जियन ब्रुअर हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. ती साखर पूर्ण आंबते आणि अंग जड न करता ताकद देते. (देवगिरीकाकांनी स्ट्राँग लागरमधील साखरेबद्दल जे लिहिले तेही खरे आहे. फरक इतकाच की इथे साखरेच्या मागे भरपूर गहू आणि बोलके यीस्ट उभे असते.) गूळ घालून पाहण्याचा मोह मराठवाड्याच्या माणसाला होतोच, मलाही झाला, पण गुळाने रंग काळवंडतो आणि त्याचा मळीसारखा वास धन्यांना झाकून टाकतो.

तिसरी गोष्ट यीस्टची. आंबवण सुरू करताना तापमान १८-१९ अंश, आणि तीन दिवसांनी हळूहळू २३ पर्यंत. कडक बीअरला यीस्ट जास्त लागते आणि सुरुवातीला भरपूर प्राणवायू लागतो. यीस्ट कमी पडले किंवा पहिल्याच दिवशी तापमान चढले तर जड मद्यार्क तयार होतात, त्यांचा वास नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाच्या वळणावर जातो आणि घशात जळजळ होते.

गोदातीर

हिंगोलीकर, शेवटचा परिच्छेद वाचून मला माझ्याच अनुभवाचा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी पुण्यातील एका ठिकाणी कडक गव्हाची बीअर म्हणून एक पेला घेतला होता. नाव घेत नाही. वासाला पहिल्यांदा पिकलेले केळ आले, नंतर थिनरसारखे काहीतरी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके जड होते. तेव्हाच मी ठरवले होते की या प्रकारात अर्थ नाही. आता असे दिसते की मी एका बिघडलेल्या घाण्यावरून सगळ्या प्रकाराला नावे ठेवली.

केळाच्या वासाबद्दल मात्र सांगावे. तो दोष की गुण?

हिंगोलीकर

केळाचा ठळक वास हा जर्मन गव्हाच्या बीअरचा गुण आहे. तिथे धने-साल घालत नाहीत, १५१६ च्या बव्हेरियातील शुद्धतेच्या हुकुमापासून मसाल्यांना तिथे दाराबाहेरच ठेवले गेले आहे, त्यामुळे केळ आणि लवंग हे दोन्ही वास यीस्टकडूनच यावे लागतात. बेल्जियन पांढऱ्या बीअरमध्ये केळ पुढे आले तर धने आणि साल यांना जागा उरत नाही. थिनरचा वास मात्र कुठल्याच देशात गुण नाही.

दुधना (परभणी)

मी वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञान शिकले आहे. धान्य हा माझा विषय असल्यामुळे गव्हाची बाजू मांडते, कारण आतापर्यंत धन्यांवर जितके लिहिले गेले तितके गव्हावर नाही, आणि मला वाटते देवगिरीकाकांच्या प्रश्नाचे उत्तर गव्हातच आहे.

पांढऱ्या बीअरमध्ये जवळजवळ निम्मे धान्य मोड न आणलेला गहू असते. या कच्च्या गव्हातील प्रथिने आणि पिष्ट यांमुळेच ती गढूळ, दुधट दिसते, फेस टिकतो आणि घोट तोंडात रेशमासारखा वाटतो. गव्हाच्या पिष्टाचे एक वैशिष्ट्य असे की ते साधारण ५८ ते ६४ अंशांना फुलते, म्हणजे मॅशच्याच तापमानाला. भात किंवा मका घालायचा असेल तर तो आधी वेगळा शिजवावा लागतो, गव्हाला ती गरज नाही. मात्र गव्हाला जवासारखे टरफल नसते, म्हणून गाळताना तो चिखलासारखा बसतो, आणि कडक बीअरसाठी धान्य वाढवले की ही अडचण आणखी वाढते. तिथे भाताचे तूस मिसळावे लागते, हे हिंगोलीकर दादा जाणतातच.

आता लवंगेचा तो सूक्ष्म वास. गव्हाच्या आणि जवाच्या सालीत फेरुलिक आम्ल असते. मॅश आधी ४५ अंशांवर पंधराएक मिनिटे थांबवला तर ते मोकळे होते, आणि विशिष्ट जातीचे यीस्ट त्याचे रूपांतर लवंगेसारख्या वासाच्या द्रव्यात करते. ताकद वाढवण्यासाठी साखर घातली की धान्याचा वाटा तेवढा घटतो आणि हा वासही विरळ होतो. म्हणून दादांनी सांगितलेल्या दहा टक्के साखरेच्या पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बेल्जियममधील ‘त्रिपेल कार्मेलिएत’ ही ८.४ टक्क्यांची बीअर जव, गहू आणि ओट अशा तीन धान्यांची असते, आणि इतकी ताकद असूनही ती जिभेवर मऊ लागते, त्यामागे धान्यांची ही मांडणीच आहे असे मी मानते.

आपल्याकडचा कोणता गहू चालेल असे कोणी विचारील म्हणून आधीच लिहिते. बन्सी हा डुरम प्रकारचा, काचेसारखा कठीण गहू. तो शेवयांना आणि रव्याला उत्तम, पण पांढऱ्या बीअरसाठी मऊ, पिठाळ दाणा हवा असतो. लोकवन त्यातल्या त्यात जवळचा. खपली चवीला सुंदर आहे, परंतु तिचे टरफल काढून घ्यावे लागते आणि भावही परवडणार नाही.

शेवटी पाण्याबद्दल. बेसॉल्टच्या खडकातले आपले विहिरी-बोअरचे पाणी बायकार्बोनेटने भरलेले असते. अशा पाण्यात मॅशची आम्लता कमी पडते, आणि मग पांढऱ्या बीअरचा जो बारीक आंबूसपणा काकांनी पन्ह्याच्या उपमेने सांगितला, तोच नाहीसा होतो. कडक बीअरमध्ये ही उणीव दुप्पट जाणवते.

एक अवांतर प्रश्न, या प्रकारचा लहानसा प्रयोग घरी करता येतो का?

देवगिरी

दुधनाताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. घरच्या प्रयोगाचे उत्तर मात्र ‘नाही’ असेच आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, मग ते वीस लिटर असो की दोन. पण तयार बीअर घेऊन चाखण्याचा प्रयोग करायला अडचण नाही, आणि आपण सर्वांनी जे मुद्दे मांडले ते तपासण्यासाठी तसा एक प्रयोग करावा असे मनात आहे. आठवडाभरात लिहितो.

पाण्याच्या मुद्द्यावर एक गोष्ट नोंदवतो. आमच्या कारखान्यात नाथसागराचे (जायकवाडी धरणाचे) पाणी येत असे आणि ते मऊ करून, आम्लता बसवून मगच मॅशला जात असे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला आणि तो योग्य होता. एक लिटर बीअरमागे कितीतरी पट पाणी धुण्या-थंड करण्यात जाते हे मी रोज आकड्यांत पाहत होतो. तेव्हापासून चांगली बीअर थोडी करावी, थोडी प्यावी आणि सांडू नये, असे मला मनापासून वाटते. कडक बीअर वाटून पिण्याच्या रीतीबद्दल मला जो जिव्हाळा आहे, त्यात या उन्हाळ्याचाही भाग आहे.

सिंदफणा

काका, प्रयोगासाठी धने मी पाठवते. मागच्या महिन्यातलेच आहेत, ऊन दाखवून ठेवलेले. दोन पुड्या करते, एक अख्खे आणि एक दरदरीत. भरडलेली पुडी आली की दोन दिवसांत वापरावी.

देवगिरी

धने मिळाले, ताई. पुडी उघडताच खोलीभर वास झाला. काल सायंकाळी त्याच चौघांनी पुढीलप्रमाणे प्रयोग केला.

इथे दुकानात मिळणारी पाच टक्क्यांच्या आसपासची बेल्जियन धाटणीची पांढरी बीअर घेतली. तिच्या शंभर मिलिलिटरमध्ये ४२.८ टक्क्यांची व्होडका ८.६ मिलिलिटर घातली की मद्यार्क आठ टक्क्यांवर जातो. भारतात बीअर म्हणून विकायची असेल तर अन्न मानकांनुसार आठ टक्के हीच वरची मर्यादा आहे, पाच ते आठपर्यंतची बीअर स्ट्राँग गणली जाते, म्हणून मी तो आकडा घेतला. व्होडका घालून खरी कडक बीअर होत नाही याची मला पूर्ण जाणीव आहे, कारण तिच्यात जादा माल्टचे आणि यीस्टचे काम नसते. परंतु केवळ मद्यार्क वाढल्याने काय बदलते हे एकटे पाहायचे असेल तर कारखान्यातही आम्ही अशीच पद्धत वापरत असू.

पेले पाच. पहिला व्होडकाविना. दुसऱ्यात फक्त व्होडका. तिसऱ्यात व्होडका आणि धन्यांचा गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवून गाळलेला अर्क. चौथ्यात व्होडका आणि अगदी थोडा लिंबाचा रस. पाचव्यात व्होडका, लिंबू आणि तिसऱ्याच्या पाव प्रमाणात धन्यांचा अर्क. बुडबुडे सर्वांत सारखे राहावेत म्हणून पहिल्या पेल्यातही तेवढेच पाणी घातले आणि सगळे पेले एकदमच ढवळले. पेल्यांच्या खाली क्रमांक लिहून भाच्याने ते आमच्यापुढे उलटसुलट क्रमाने मांडले. त्यामुळे चाखताना कोणाला काही ठाऊक नव्हते.

दुसरा पेला चौघांनाही सपाट आणि गरम वाटला. गव्हाचा मऊपणा होता, पण तो जणू दाराआड गेला होता. तिसरा सर्वांत वाईट ठरला. हिंगोलीकरांनी लिहिलेला साबणाचा वास आम्ही तिघांनी न विचारता वहीत लिहिला होता, आणि चौथ्या मित्राने ‘केसांचे तेल’ असे लिहिले होते. चौथ्या पेल्याने मात्र मला चकित केले. लिंबाचे जेमतेम चार थेंब, पण त्यांनी मद्यार्काचा दाह मागे ढकलला आणि मूळ बीअरमध्ये जे धने होते तेच पुन्हा ऐकू येऊ लागले. पाचवा पेला दोघांना चौथ्याहून आवडला, दोघांना नाही. मी नाही म्हणणाऱ्यांत होतो.

म्हणून माझ्या पहिल्या प्रश्नावर माझे आजचे मत असे झाले आहे की, पांढऱ्या बीअरची ओळख धन्यांपेक्षाही तिच्या आंबूस कोरडेपणात आहे. तो राहिला तर धने आपोआप दिसतात, तो गेला तर कितीही धने घातले तरी ते नुसते बोचतात. ‘दाँ द दियू’त मला धने मागे गेलेले वाटले होते, पण तोंड मात्र स्वच्छ झाले होते. मी वहीतील ‘वेगळ्या घरची मुलगी’ हे शब्द खोडले आहेत.

गोदातीर

चार थेंब लिंबाने इतका फरक पडत असेल, तर कडक बीअरचा पेला लिंबाची फोड लावून द्यावा का? काही ठिकाणी संत्र्याची फोड लावतात.

देवगिरी

फोड लावू नये. तिच्या सालीतील तेलाने फेस बसतो, आणि ब्रुअरने जी आम्लता मॅशपासून जपत आणली ती पिणाऱ्याने आपल्या मनाने बदलणे मला पटत नाही. आम्लता बीअरमध्येच असली पाहिजे.

हिंगोलीकर

काका, आपल्या प्रयोगानंतर मी माझ्या कागदावर बदल केला आहे, तो इथे नोंदवतो.

सुरुवातीची घनता (द्रवात विरघळलेल्या साखरेचे माप) १.०६८ आणि आंबवण संपल्यावरची १.०११ धरली आहे, म्हणजे मद्यार्क साडेसात टक्क्यांच्या जवळ येईल आणि मर्यादेच्या आत राहील. धान्यात लोकवन गहू ४५ टक्के, जवाचा फिकट माल्ट ४२, ओट पाच, आणि उरलेली आठ टक्के साखर. दुधनाताईंच्या सांगण्यावरून साखर दहावरून आठवर आणली. आधी ४५ अंशांवर पंधरा मिनिटे, मग ६४. पाणी आरओचे, आणि लॅक्टिक आम्लाने मॅश व्यवस्थित आम्ल करून शेवटी तयार बीअरचा पीएच ४.३ च्या आसपास यावा असा प्रयत्न. हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुले) फक्त नावापुरते. धने वीस लिटरला १६ ग्रॅम लिहिले होते, ते खोडून ११ केले आहेत.

आंबवण झाल्यावर ही बीअर तीन आठवडे थंड खोलीत ठेवणार आहे. हलकी पांढरी बीअर जितकी ताजी तितकी चांगली, पण कडक बीअरला मद्यार्काची धार बोथट व्हायला एवढा अवधी द्यावा लागतो. पेला २०० मिलिलिटरचाच ठेवायचा, हे मालकांकडून कबूल करून घेतले आहे.

सिंदफणाताई, धने आपलेच हवेत. अर्धा किलो अख्खे पाठवा, भरड मी उकळीच्या दिवशी सकाळी करीन. जालन्याहून मोसंबीची साल येत आहे, ईडलिंबू मात्र अजून मिळालेले नाही.

सिंदफणा

ईडलिंबाचे झाड आमच्या मळ्यात विहिरीजवळ आहे. धन्यांबरोबर दहा-बारा फळे पाठवते. साल काढताना हाताला तेल लागेल, ते लगेच धुऊ नका. आधी वास घेऊन पाहा, म्हणजे किती घालायची ते कळेल.